हलणाऱ्यांसाठी

दिवसभर मी लोकांना सांगते:
श्वास घ्या. रोखा. हलू नका.
मग काचेमागे जाऊन बटण दाबते.
कार्लाइलच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
अकरा वर्षं झाली.
मेंढ्याने ढुशी दिलेला म्हातारा,
बर्फावर घसरलेली पोस्टाची बाई,
सगळे माझ्या एका शब्दावर पुतळे होतात.

घरात मात्र एक आहे
जिला हे वाक्य कधी लागूच पडलं नाही.
ईरावती, वय वर्षं नऊ,
डोंगर चढून उतरण्याच्या शर्यतीत धावते,
चिखलातून, नेच्यांतून, मेंढ्यांच्या फाटकातून.
माझ्या फोनमध्ये तिच्या सात शर्यती आहेत.
सातही ठिकाणी गवत छान आलंय.

म्हणून शनिवारी बोचरगेटवर,
मिस्टर आयर्विंगच्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात.
पर्समध्ये ओव्हरटाइमचे ऐंशी पौंड
आणि डोक्यात आईची अंथरूण-पाय ही म्हण,
जी पौंडातही तेवढीच खरी आहे.

मी म्हटलं, खिशात मावणारा हवा,
जुलैत स्कायला जायचंय, तंबूत राहणार आहोत.
पेन्सिल सेलवर चालला तर बरं.
आणि धावणारं पोर पकडता आलं पाहिजे.
त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.
बाई, मेगापिक्सेल विसरा, म्हणाले,
ते खोक्यावर छापायला असतात.
आत झूम करून मोठं करणाराही नको,
तो नुसता पीठ पातळ करतो.
(पीठ मी घातलं. ते सूप म्हणाले होते.)
तीन कॅमेरे काउंटरवर ठेवले.
दारात उभ्या राहा, रस्ता फुकट आहे.

पहिला चंदेरी, देखणा, पंचाहत्तर पौंड.
लॉन्गटाउनची बस आली, मी दाबलं,
त्याने जरा विचार केला,
पुन्हा विचार केला,
आणि मला रिकामा रस्ता काढून दिला,
ओला, नीट, अगदी स्वच्छ.
वरातीमागून घोडं, मी मराठीत पुटपुटले.
मिस्टर आयर्विंग म्हणाले, एक्झॅक्टली.

दुसऱ्याने अर्धी बस दिली.

तिसरा काळा, कडा घासलेल्या,
कुण्या जुन्या मालकाने पट्ट्याला गाठ मारलेली.
बेचाळीस पौंड. बटण अर्धं दाबून धरा, म्हणाले,
आधी त्याला कळू द्या कुठे बघायचंय,
मग क्षण आला की उरलेलं दाबा.
मी अर्धं दाबलं आणि थांबले.
बस आलीच नाही.
कबाबच्या दुकानासमोरून एक कबुतर उठलं,
आणि माझं बोट माझ्याआधी हललं.
पडद्यावर कबुतर होतं,
पंख वर, पाय अजून फरशी सोडायच्या बेतात,
चोचीत चिप्सचा तुकडा.

उरलेल्या अडतीस पौंडांत
मी एक कार्ड घेतलं, चार्ज होणारे सेल घेतले,
आणि दोघींसाठी पेस्टी. ती घरी पोचेपर्यंत एकच उरली.

रविवारी कॉल्डबेकजवळ पाऊस तिरका होता.
कॅमेरा अनोरॅकच्या आत, पोटाशी ऊब घेत.
शेवटच्या उतारावर लाल बनियन दिसलं
तेव्हा मी अर्धं बटण दाबलं
आणि स्वतःलाच सांगितलं,
श्वास घ्या. रोखा. हलू नका.
(पहिल्यांदा कळलं हे किती लांबतं.)

फोटोत ती हवेत आहे. दोन्ही पाय.
दगड खाली, जीभ बाहेर, एक वेणी सुटलेली,
चिखलाचा थेंब कानाच्या आणि माझ्या मधोमध थांबलेला.
मी सवयीने खालून वर वाचत गेले:
घोटा ठीक. गुडघा ठीक.
मान सरळ. काळजीचं काही नाही.
शर्यतीत ती एकतिसावी आली.

एकच खोड आहे.
सेल काढले की याला तारीख आठवत नाही,
तो सरळ एक जानेवारी दोन हजार आठवर जातो.
म्हणजे कोपऱ्यातल्या नारिंगी आकड्यांप्रमाणे
त्या दिवशी ती जन्मलीच नव्हती,
मी या देशात आलेही नव्हते,
आणि ती उतारावरून
इकडेच धावत येत होती.

सेटिंगमध्ये जाऊन बदलता येतं म्हणे.
बघू, कधीतरी.