तांडव, साडेसात मिनिटं

धिंगरासाहेबांच्या होजिअरीला यंदा इटलीची ऑर्डर लागली,
म्हणून लुधियान्यात देवीचा जगराता.
मैदानात थर्मोकोलचा डोंगर उभा केलाय, वर कापसाचं बर्फ.
गुहेत देवी आहे, पण गुहेशी पोचायचं तर
धिंगरा निटवेअरच्या कमानीखालून वाकून जावं लागतं.
वाकतात सगळे. कुणाला वाकतात
हे वरून, ड्रोनमधून, नीट कळत नाही.

मी शंकर.
रात्री बारा ते पहाटे चार, दोनदा तांडव, एकदा लग्न,
बाराशे रुपये, चहा वेगळा.
काली पंधराशे घेते, तिला तोंडातून जाळ काढायचा असतो.
काली म्हणजे आमचा तिलकराज,
दोन मुलींचा बाप, रॉकेलने हिरड्या सोलवटलेला.
हनुमान नवा आहे, तो अजून जेवणावरच येतो.

दिवसा मी रंगाईखान्यात असतो,
कोपरापर्यंत निळाच असतो.
त्यामुळे मेकअपचा खर्च वाचतो, असं पार्टीचे मालक
हसत हसत चारचौघांत सांगतात
आणि वाचलेला खर्च खिशात घालतात.
गळ्यातला नाग रबराचा.
जटेतली गंगा म्हणजे पाठीला बांधलेली बाटली, एक नळी,
आणि ती नळी गेल्या मंगळवारपासून अडकते.

पुढे सोफे, मागे सतरंजी.
गवई एका कडव्यात आईचं नाव घेतो, पुढच्यात धिंगरासाहेबांचं,
पट्टी तीच ठेवतो.
नोटा उधळतात, त्या आमच्या अंगावर पडतात,
पण आम्ही देव, आम्हाला खाली बघायचं नसतं.
एक पोरगं पोतं घेऊन रांगत येतं, सगळं गोळा करतं.
पोतं मालकांच्या गाडीत जातं.

दोनच्या सुमाराला मी मांडवामागे बसलो होतो,
नाग खुर्चीवर, जटा मांडीवर, तोंडात बिडी.
भांडी घासणाऱ्या बायकांतली एक उठून आली.
फुलमतिया, असं कुणी तरी मागून ओरडलं, ती थांबली नाही.
मला बिडी टाकायलाही वेळ मिळाला नाही.
तिला बाटली दिसली, नळी दिसली,
उघडं टक्कल दिसलं. तिने ओले हात पदराला पुसले
आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं.
म्हणाली, बाबा, उद्या ठेकेदार हिशेब करणार आहे.
अकरा दिवस भरलेत. तो नऊ म्हणतो.
त्याला अकरा आठवू देत.

एवढंच. मुलगा नाही मागितला, घर नाही, मोक्ष नाही.
दोन दिवस मागितले.
मांडवात आम्हाला बोलायची मनाई असते,
मांडवामागे काय करायचं ते ठरलेलं नाही.
मी हात वर केला.
माझे बाराशे मालकांना आठवतात हजार,
हे तिला कसं सांगणार, निळ्या तोंडाने?
ती खुर्चीवर, नागाच्या वेटोळ्यात,
पाच रुपयांचं ओलं नाणं ठेवून गेली.

दुसरं तांडव साडेसात मिनिटांचं असतं,
टेपच तेवढी आहे.
टेप संपली. पाय थांबेनात.
ढोलकीवाल्याने शिवी दिली, मग ठेका धरला,
नळी केव्हा सुटली कळलं नाही, गार पाणी पाठीवरून, तोंडावरून,
सोफ्यांच्या पहिल्या रांगेपर्यंत उडालं.
लोकांना वाटलं, हे ठरलेलं आहे. टाळ्या पडल्या.
सतरंजीच्या पार शेवटी
भांड्यांचा आवाज बंद झाला होता, किंवा मला तसं वाटलं.

विलंबाचे दोनशे कापले.
सकाळी नळाखाली बसलो,
छातीवरचं निळं गटारात गेलं,
कोपराखालचं तसंच राहिलं.

आता सुपारी आली की मी आधी विचारतो,
भांड्यांना बायका कुठल्या?
मालक हसतात, म्हणतात, देव सुधारला.
जालंधरला पाहिलं, फगवाड्याला पाहिलं,
ती दिसली नाही. नऊ की अकरा, ठाऊक नाही.
नाणं जटेत शिवून टाकलंय, नाचताना टोचतं.
नळी मात्र तेव्हापासून अडकत नाही.