फेस

सालमियात, सातव्या मजल्यावर, शुक्रवारी दुपारी
मी चहाची भुकटी मोजतो आहे.
चमचा सुरीच्या पाठीने सपाट करायचा,
इनास म्हणायचा, डोंगर ठेवायचा नाही.

इनास लोपीस, वसईचा.
मनामाच्या एका हॉटेलात काउंटरमागे उभा असायचा,
बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या,
आणि तोंडात ती भाषा
जी त्या अख्ख्या रस्त्यावर आम्हा दोघांनाच कळायची.
व्हिस्की सावर करावी तर त्यानेच.
आधी बर्फाशिवाय हलवायचा, मग बर्फ घालून.
‘पहिलं हलवणं फेसासाठी,
दुसरं गिऱ्हाइकासाठी.’

इथे कुवेतमध्ये बाटली मिळत नाही.
मिळते म्हणणारे मिळतात.
त्यांचे नंबर मी ठेवत नाही,
इकामा आहे, मुलीची फी आहे.

म्हणून चहा. उकळून उकळून अर्धा उरलेला.
धुरासाठी गॅसवर जाळलेली दालचिनी,
तिच्यावर उपडा घातलेला ग्लास.
ताजं लिंबू, शिवाय एक वाळकं काळं लूमी,
माझं नाव दरवेळी नव्याने चुकवणाऱ्या
इराणी म्हाताऱ्याच्या दुकानातलं.
साखरेऐवजी खजुराचा पाक.
घशाला जाळ हवा: सुंठ, चार मिरी ठेचून.
राहता राहिला पिंपाच्या लाकडाचा वास.
पेन्सिल तासून हुंगली.
नाही.

अंड्याचा पांढरा तेवढा बरणीत,
बलक वाटीत, उद्याच्या भुर्जीला.
शेकर कुठला,
लोणच्याची बरणी आहे, तीनदा घासली
तरी हिंग काही हटत नाही.
हलवतो. बर्फ खडखडतो,
पलीकडच्या खोलीतून मुनव्वरभाई ओरडतात,
‘क्या तोड रहे हो, दळवी?’

फेस आला. खरोखरचा, बोटभर, अगदी तसाच.
डोळे मिटून घोट घेतला.
चहा.
थंड, आंबट, चांगला चहा.

इनासला फोन लावला. तो आता गावी, केळीच्या बागेत;
मागे मोटार चालू होती पाण्याची.
सगळं सांगितलं. पेन्सिलीला हसला.
मग मोटार बंद करून आला.

‘तू तीन प्यायचास, आठवतं?
तिसरा चहाचाच असायचा.
पगार ठाऊक होता तुझा.
आणि चौथा मागितलास की रडायचास.’

मला ती बिलं आठवू लागली,
खिशात चुरगळून धुतली गेलेली.
तिसऱ्याचे पैसे किती लागायचे, कधी पाहिलंच नव्हतं.
‘मग मला चढायची कशी?’
‘ते मला काय विचारतोस?’

बराच वेळ कुणीच बोललं नाही.
ग्लासातला फेस कडेकडेने बसत चालला.

‘सुंठ नव्हती रे त्यात,’ तो म्हणाला,
‘लवंग. एकच. डोकं काढून.’

उठलो.
मिसळणाच्या डब्यात असेल एखादी.