डावा चॅनल

दस्तगीर शिकलगार गेला
हे मला स्पीकर दुरुस्तीच्या दुकानात कळलं.
कुणीतरी सोल्डरिंगचा धूर फुंकत सांगितलं,
आणि लगेच विचारलं, मिक्सर कुणाकडं जाणार?

उद्यमनगरात, खाली लेथ, वर स्टुडिओ.
भिंतींना गुळाचं बारदान ठोकलेलं,
त्यामुळं फेडरच्या फटीतनं मुंग्या.
आम्ही चौघं, पॉलिटेक्निक नापास,
म्हटलं, मामा, आम्ही पोस्ट-पंक वाजवतो.
पंखा? बंद करा, माईकात येतोय.
मग गिटार ऐकली, जरा थांबला,
म्हणाला, ऱ्हाऊ दे. लावा परत.

भजनी मंडळं, ऑर्केस्ट्रा, निवडणुकीच्या रिक्षा,
सगळ्यांचा आवाज तो धुऊन द्यायचा.
आमचा नाही धुतला.
तुमचं धुतलं तर खाली काय उरत न्हाई.
हा अपमान होता.
आम्ही तो दहा वर्षं मिरवला.
धैर्यशीलचा चौथा ठोका कायम उशिरा;
कापू का, म्हटलं की मामा म्हणायचा,
येतोय की. गाडी सुटलीया का तुमची?

पुढं पुण्याच्या कुणी लिहिलं:
कोल्हापूरच्या बँडांत गाणं सगळं उजवीकडं रेललेलं,
डावीकडं नुसती घरघर, लोखंड सोलल्यागत,
हा जाणीवपूर्वक केलेला प्रयोग, वगैरे.
आम्ही माना डोलावल्या.

मामाचा डावा कान फौंड्रीत गेलेला,
एकोणिसाव्या वर्षी.
त्या बाजूला जे काय साचायचं,
लेथ, पंखा, जिन्यावर चहावाल्या पोराच्या चपला,
ते त्याला कधी कळलंच नाही.
मला माहीत होतं.
मी सांगितलं नाही.
नंतरची पोरं, दोन्ही कान शाबूत असून,
तस्संच करायला लागली;
त्याला शहराचा आवाज म्हणायला लागली.

काल बागल चौकाच्या कब्रस्तानात
त्याला उजव्या कुशीवर निजवलं, तोंड पश्चिमेला.
मूठभर माती टाकताना ध्यानात आलं:
चांगला कान खाली गेला.
आता वरनं कुणी काहीही बोललं
तरी डाव्यातच जाणार.

म्हणून मग बोललो. वाकून,
ते कधीचं राहिलेलं.
मौलवींनी एकदा बघितलं, पुन्हा मान खाली घातली.

लांब कुठंतरी पॉवर हॅमर चालू होता.
कानाला नाही, तळपायाला कळत होता.
एक, दोन, तीन,
चौथा किंचित उशिरा.
धैर्यशीलनं माझ्याकडं बघायचं टाळलं.