शिफारसपत्र

फॉर्म म्हणतो, विज्ञानाचे दोन शिक्षक हवेत,
तुम्हाला जवळून ओळखणारे.

शिरोडे सरांनी मला ब्याण्णव दिले.
विभागप्रमुख. लेटरहेड, गोल शिक्का, हिरव्या शाईतली सही.
परवा अशोक स्तंभापाशी समोरच आले,
म्हणाले, कुठल्या बॅचची गं तू?

दुसाने मॅडम तासिका तत्त्वावर.
नावामागे डॉक्टर नाही.
सातपूरहून येतात, मस्टरवर सही करून
थेट प्रयोगशाळेत.
त्यांना माहीत आहे,
तिसऱ्यांदाही माझं टायट्रेशन चुकलं
आणि मी वहीत चुकलेलाच आकडा लिहिला,
शेजारच्या टेबलावरचा नाही.
सिल्व्हर नायट्रेटनं काळं पडलेलं माझं बोट
त्यांनीच धरलं होतं नळाखाली.

आई म्हणते, शिक्क्याचं बघ.

एक जागा सरांची. ती भरली.
दुसरीसाठी कॉलेज रोडच्या टपरीवर
चहा अर्धा झाल्यावर विचारलं.

"माझ्या पत्राला काय वजन गं?"
मॅडम ग्लासाच्या कडेवरची साय
बोटानं बाजूला सारत राहिल्या.
मागे कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, होत नव्हती.

मग चष्मा पुसत म्हणाल्या,
"ते चुकलेलं टायट्रेशन लिहू?"

लिहा, म्हटलं.
आकड्यासकट.