आकसणी

उद्यमनगरात आमच्या शेडच्या माळ्यावर
भरमा सुतारांनी केलेले दोनशे बारा पॅटर्न आहेत.
सागवानी, वरून लाल लाख.
पाठीवर खिळ्यानं कोरलेला नंबर
आणि ज्याचा पंप, त्याच्या गावाचं नाव.
मजुरी दिली, चहा पाजला, विषय मिटला.
सत्त्याऐंशीची पावती अजून फायलीत आहे,
तिच्यावर ‘पुढील देय’ असा रकानाच नाही.

खाली ऑफिसात ड्रॉइंगं आहेत.
म्हणजे होती, एकतीस तारखेपर्यंत.
काढली आमच्या सुलक्षणानं, रात्री जागून,
पण कपाटाची किल्ली परगावी.
दर महिन्याला भाडं भरलं की ती येते,
नाही भरलं, की अतिशय नम्रपणे येत नाही.

सीडीवर मिळायचं तेव्हा
वडिलांनी एकदाच घेतलं होतं, पाच हप्त्यांत.
खंडेनवमीला तो डबा मांडायचे
पाना-हातोडीच्या शेजारी, हळदकुंकू लावून.
आता काय मांडू?
पासवर्ड?

मार्चात निरोप आला,
नवी आवृत्ती जुन्या कॉम्प्युटरवर चालणार नाही.
तीन होते. तिन्ही ठणठणीत.
एकाचा पंखा तेवढा घरघरायचा,
तोही थेंबभर तेल सोडलं की गप्प.
इलाही भंगारवाल्यानं काट्यावर ठेवले,
साडेसव्वीस किलो.
बिडाचं मला कळतं, तुटलं की परत भट्टीत जातं.
याचं काय करतोस रे?
‘तांबं निघतंय, मालक. बाकीचं जाळायचं, ओढ्याकाठी.’
माझ्या धुराड्याला नळी लावून
वर्षाला दोनदा धूर मोजून जातात.
त्या रात्री ओढ्याकडून जो वास आला
तो कुणाच्या वहीत चढला, माहीत नाही.

हेरवाडे सीए म्हणाले, बरं झालं,
मालमत्ता नाही, घसारा नाही, सगळं सरळ खर्चात.
कागदावर हलके झालात.
हलका झालो खरा.

मग आजऱ्याचा शिवगोंडा आला,
पोत्यात फुटका इम्पेलर घेऊन. जुना पंप, आमचाच.
ड्रॉइंग उघडेना.
गिऱ्हाइकाचे पैसे नव्वद दिवसांनी येतात,
भाडं नव्वद दिवस थांबत नाही.
सुलक्षणा शिडी लावून माळ्यावर गेली,
तासाभरानं केसांत जाळी घेऊन उतरली.
हातात नंबर अठ्ठ्याऐंशी, आणि सुतारांची पितळी पट्टी.

‘अप्पा, ही पट्टी चुकीची आहे.
हिचा फूट फुटापेक्षा मोठाय.’
मोठाच असणार, बाळ.
बीड थंड होताना आकसतं,
ते आकसणं सुतारांनी आधीच धरलेलं असतं.
तिनं पट्टी उलटसुलट करून पाहिली.
‘मग भाड्यात आकसणी कुठं धरलीय?’

मी वाळू चाळायला गेलो.

सोमवारची सुट्टी मोडून ओतलं.
इम्पेलर गरम असतानाच शिवगोंडा दोनदा हात लावायला गेला
आणि दोनदा शिवी हासडून मागं सरला.

मंगळवारी मी भाडं भरलं.
भरलंच. पुण्याच्या कंपनीला लाकूड चालत नाही, फाइल लागते.
पडद्यावर हिरवी खूण आली, धन्यवाद आले,
पुढल्या वर्षीचा वाढीव दर आला.

सुलक्षणा अजून माळ्यावरच होती,
एकेका पॅटर्नला फडकं मारत,
गावांची नावं मोठ्यानं वाचत.