मार्गे नंदुरबार

रिपोर्टाच्या पाठीवर मी पेन्सिलीने आडव्या रेघा ओढल्या:
भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव, मनमाड.
उभ्या रेघा तासांच्या.
डॉक्टर झोपे माझ्या धाकट्याच्या वयाचे.
म्हणाले, भारंबेकाका, हे काय?
म्हटलं, कंट्रोलचा चार्ट. एकतीस वर्षं हेच केलं.
मला पेशींचं सांगू नका, गाड्यांचं सांगा.

तर त्यांनी सांगितलं.
पेशीत एक सिग्नल असतो, के-रास नावाचा.
हिरवा झाला की पेशी वाढते, लाल झाला की थांबते.
माझा हिरव्यावर अडकलेला.
मार्चपासूनची गोळी म्हणजे
त्या एका सिग्नलच्या तारेला लटकलेला माणूस.
लाल. लाल. लाल.

आणि थांबल्या होत्या गाड्या, खोटं कशाला बोलू.
लिंबाएवढी गाठ मे महिन्यात बोराएवढी झाली,
मेहरूणच्या बोराएवढी, मी गल्लीभर सांगत सुटलो.
जूनमध्ये अर्धी कळण्याची भाकरी खाल्ली, ठेच्याशी.
द्वारका माझ्या ताटाकडे नाही,
गळ्याच्या हाडाकडे बघत बसली.

अवयवाचं नाव स्वादुपिंड.
आधी स्वाद जातो.
उरलेल्या शब्दाबद्दल घरात कोणी बोलत नाही.

ऑक्टोबरच्या स्कॅनमध्ये यकृतावर तीन ठिपके.
एकही गोळी चुकली नव्हती, मी वही दाखवली.
"तुमची चूक नाही. सिग्नल बहुतेक अजून लालच आहे.
त्यांनी रस्ता बदलला."
काहींनी शेजारची लाइन धरली,
काहींनी त्याच सिग्नलचे आणखी खांब रोवले,
काही तर पहिल्या दिवसापासून तिथेच होत्या,
गोळी ज्यांना ओळखतच नव्हती.
हुशार आहेत मग.
"नाही हो. फक्त खूप आहेत.
ज्या मेल्या नाहीत, त्या राहिल्या."
पुढे ते कापसावरच्या गुलाबी अळीचं सांगू लागले.
मी हात वर केला. गाड्यांचंच बरं चाललंय.

एका पावसाळ्यात चाळीसगावच्या पुढे
रुळांखालची खडी वाहून गेली.
रात्रपाळी माझी. तेरा गाड्या अंगावर.
मी त्या जळगावहून वळवल्या,
अमळनेर, नंदुरबार, उधना, वसई.
उशीर झाला, पण एकही रद्द केली नाही.
प्रशस्तिपत्र अजून भिंतीवर आहे, काचेत बुरशी धरलेलं:
"पर्यायी मार्गाने वाहतूक अखंडित ठेवल्याबद्दल."
ती ओळ मी तोंडपाठ म्हणून दाखवली.
डॉक्टर हसले नाहीत.
मीही नाही.

"दुसरी गोळी जोडून बघू. तोही रस्ता बंद करू."
दोन्ही बंद केले तर दीपनगरचा कोळसा कुठून येईल, साहेब?
गावाचं दूध?
"हो. कातडी, आतडी, सगळीच त्या लाइनवर जगतात.
म्हणून डोस हळूहळू."

सोमवारी या, म्हणाले.
मी म्हटलं, प्रायव्हेट नंबर द्या.
म्हणजे?
लाइन दिली-घेतली की दोन आकडे सांगायचे,
दोन्हीकडे लिहून ठेवायचे,
नंतर कोणी नाही म्हणू नये.
ते थांबले. पंख्याकडे पाहिलं.
"सदतीस."

मनमाडच्या पुढे, कोऱ्या जागेत
मी सदतीस लिहिलं,
आणि खाली वेळ:
अकरा बेचाळीस.