सातेरी

वारुळात पुजतो ती सातेरी.
पेटीत पाळतो तीही.

रुबीना मुकादम दापोलीहून आली तेव्हा
आरवलीत सुरंगी ऐन भरात.
बायका काळोखातच शिड्या लावून कळ्या खुडत होत्या.
तिनं माझ्याकडून बारा माश्या मागून घेतल्या,
मासळीबाजारातल्या बर्फावर निजवल्या.
बर्फाला बांगड्याचा वास. म्हणाली, चालेल.
मग शहाळ्याच्या नळीच्या तुकड्यांत
एकेकीला मानेपर्यंत बसवलं.

आधी सुरंगीचा वास. मग मिशीला साखरपाणी.
जीभ बाहेर.
पुन्हा वास, पुन्हा साखर.
तिसऱ्या खेपेला नुसता वास,
तरी जीभ बाहेर!
आमचा दिगू भज्यांच्या कढईचा आवाज आला की
अगदी असाच.

"यांच्या डोक्यात दोन अळंब्या असतात," रुबीना म्हणाली,
"वास तिथं मुरतो.
अख्खा मेंदू मोहरीएवढा नाही."
मी डोळे बारीक करून पाहिलं.
अळंबी म्हटल्यावर मला रानातलं वारूळ आठवलं,
आणि आमटी.

सातवी काही केल्या शिकेना.
वहीत तिच्यापुढे फुली.
पाठीवर निळा ठिपका देऊन तिलाही सोडलं,
इतरांना पांढरा.

मार्चात रस्त्याची मोजणी झाली,
कुंपणावर पिवळे आकडे आले.
जाणते सांगतात, पेटी हलवायची तर हातभर,
नाहीतर कोसभर.
मी रातोरात विहिरीपलीकडे नेली. साठ पावलं.

दुपारी बघतो तर सगळ्या जुन्या जागी.
तिथं चार विटा, बाकी काही नाही.
विटांच्या वर, हवेत, बरोबर दाराच्या उंचीवर
नसलेल्या दारात शिरत होत्या,
पायांना पराग,
घरात ठेवायला आणलेला.

रुबीनाला फोन केला.
"पुसलं जात नाही हो काका," ती म्हणाली,
"जुन्यावर नवं बसतं. वेळ द्या."
वेळ कुठला? सूर्य समुद्राला टेकला होता,
विटांवर माश्यांचा गोळा गारठत होता.

विहिरीपाशी गेलो. पेटीच्या दारात
एकटीच बसलेली, पंख हलवत वारा घालत,
निळा ठिपका.

आकडे गेले खड्ड्यात म्हटलं,
पेटी उचलून परत विटांवर ठेवली.
गोळा सुटला, आत गेला,
जणू काही झालंच नव्हतं.

सकाळी पाणी शेंदायला गेलो.
विहिरीच्या कठड्यापलीकडे, रिकाम्या जागेवर,
पेटीच्या दाराएवढ्या उंचीवर
निळा ठिपका
घिरट्या घालत होता.